फोटो बघायला बसणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आमच्यासारख्या सगळ्याच हौशी पक्षी-छायाचित्रकारांना कळावं, असं फार वाटतं.

पक्ष्याचा फोटो दाखवला की 'वा, मस्तच!' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ऐकून बरं वाटतं, पण पुढच्या वेळी होडीत बसल्यावर वेगळं काय करायचं, हे त्यातून कळत नाही. तुम्ही मात्र फोटो लॅपटॉपवर मोठा करून बराच वेळ गप्प बसायचात, आणि मग पहिला प्रश्न यायचा, "वारा कुठून होता गं?" शटर स्पीड, आयएसओ, लेन्स सगळं त्यानंतर.

त्या एका प्रश्नानं मला भिगवण, उजनी धरणाकाठचं ते पक्ष्यांचं ठिकाण, नव्यानं दिसलं. पक्षी उडतो आणि उतरतो तो शक्यतो वाऱ्याला तोंड करून. म्हणजे उजनीच्या फुगवट्यावर सकाळचं ऊन आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी आले, तर नदी सुरय समोरून येणार, त्याच्या काळ्या टोपीतला डोळासुद्धा उजळणार. आता कुंभारगावला होडीत बसले की आधी वारा बघते आणि मग होडीवाल्या दादांना होडी कुठे लावायची ते सांगते. त्यांना हे माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे, हा भाग वेगळा! पण विचारायचं काय, हे मला तुमच्यामुळे समजलं.

तुमची दुसरी सवय मूळ फाइल मागायची. कापलेला, रंग खुलवलेला फोटो तुम्ही बाजूला ठेवायचात. मग एकेक गोष्ट वेगळी करायचात. बगळ्याची पांढरी पिसं फोटोत जास्त उजेडानं जळून सपाट झालीत, तपशीलच उरला नाही, तर ते घरी बसून परत येणार नाही, तिथेच एक्सपोजर कमी करायला हवं. क्षितिज तिरकं आहे, ते घरी सरळ होईल. पक्षी वरून टिपलाय, तर पुढच्या वेळी होडीत खाली वाक, कॅमेरा पाण्यालगत ने. काय घरी सुधारेल आणि काय पाण्यावरच सुधारायला हवं, ही वाटणी इतकी उपयोगी आहे की मी आता कुणाचाही फोटो बघताना तीच वापरते.

रोहित पक्ष्यांच्या थव्याचा तो फोटो आठवतो? सगळे गुलाबी रंगावर खूश होते. तुम्ही कडेच्या दोन मळकट राखाडी पक्ष्यांवर बोट ठेवलंत. ती कमी वयाची पिल्लं. शेवाळ आणि पाण्यातले बारीक जीव खाऊन तो गुलाबी रंग अंगात उतरायला काही वर्षं जातात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. मोठ्यांसारखीच मान वाकवून, चोच उलटी करून तीही चिखल गाळत होती. "फोटो यांचा आहे," म्हणालात. ते खरंच होतं, आणि फोटो माझा असूनही ते तुम्हाला आधी दिसलं.

पण सगळ्यात जास्त आभार एका वेगळ्या प्रसंगाबद्दल मानायचेत. आपल्या गटातल्या एका मुलानं टिटवीचा फोटो आणला होता. पंख पसरलेले, चोच उघडी, थेट कॅमेऱ्याकडे झेप. लख्ख फोकस. सगळ्यांनी वाहवा केली, तुम्ही काहीच बोलला नाहीत. नंतर चहाला त्याला बाजूला घेतलंत, मी शेजारीच होते. "ती तुझ्यावर ओरडतेय. जवळपास अंडी असणार," इतकंच आधी म्हणालात. मग समजावलंत, की टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. उन्हाळ्यात तिला त्यांच्यावर सावली धरून उभं राहावं लागतं, कधी पोटाची पिसं भिजवून आणावी लागतात. माणूस तिथे रेंगाळला तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. तो मुलगा खजील झाला, पण दुखावला नाही. तो फोटो त्यानं कुठेच टाकला नाही, आणि आता आमच्यातला सगळ्यात सावध तोच आहे. चारचौघांत बोलला असतात तर त्यानं कदाचित कॅमेराच ठेवून दिला असता.

हल्ली नवी मंडळी मला त्यांचे फोटो दाखवतात. मी आधी फोटोतला पक्षी काय करतोय ते विचारते, अंतर विचारते, आणि फोटोत एखादी जागा खरोखर चांगली असेल तर ती नेमकी कुठली ते सांगते. हे तुमच्याकडून आलेलं आहे, हे त्यांना माहीत असावं.

हिमालय ओलांडून पट्टकादंब हे पाहुणे पक्षी आले की पुन्हा भिगवणला जाईन. तुमचे गुडघे होडीत बसू देत नाहीत, म्हणून फोटो घेऊन मीच घरी येते. मूळ फाइली आणते, वाऱ्याची दिशाही लिहून आणते. काकूंना सांगा, जेवायलाच थांबणार आहे.

तुमची,
भिगवणचे फोटो घेऊन येणारी पुतणी