भिंतीवर सोडलेली जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आफ्रिकन वास्तुकलेवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण या विषयाला मराठी वर्तमानपत्रात अख्खे पान मिळाले याचेच अप्रूप वाटले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र अंगाचा तिळपापड झाला. रात्रभर विचार केला आणि आज सकाळी पत्र लिहायला बसले.

आपल्याकडच्या डिझाइन महाविद्यालयांनी आफ्रिकेच्या परंपरेकडून शिकावे, हा लेखकाचा मूळ मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. पण काय शिकावे, तर ठळक नक्षी, मातकट रंग, मुखवटे आणि झेब्र्याचे पट्टे! हे सगळे आमच्या मुलांना इंटरनेटवर दहा मिनिटांत मिळते. त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची गरज नाही. आणि सोबतच्या छायाचित्राखाली ओळ काय, तर 'आफ्रिकेतील एक शाळा'. पन्नासहून अधिक देशांच्या खंडातली ही 'एक शाळा' नेमकी कुठली, हे वाचकाला कळू नये? त्याबद्दल पुढे लिहिते.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे इंटिरिअर डिझाइन शिकवले. २०११ साली शेवटच्या वर्षाला नायजेरियाची एक मुलगी होती, इग्बो समाजातली. तिची आजी गावाकडे उली काढायची. उली ही इग्बो बायकांची रेखाटनाची रीत. उलीच्या फळांचा रस बारीक काडीने अंगावर रेखतात. आधी तो जेमतेम दिसतो, मग काळा पडतो आणि आठवडाभरात पुसट होत जातो. घराच्या आणि देवस्थानाच्या भिंतींवर मात्र मातीचे रंग वापरतात. पावसाने भिंत धुऊन निघाली की कोरड्या दिवसांत बायका पुन्हा जमतात, पुन्हा लिंपतात, पुन्हा रेखतात.

त्या मुलीने सबमिशनला तशी भिंत करायचे ठरवले. चार बाय तीनचा प्लायवूडचा तुकडा घेतला. धायरीच्या गोठ्यातून शेण आणले, पिठाच्या गिरणीवाल्याने गव्हाचा भुसा मिळवून दिला. माती तिने तीन वेळा मळली, कारण पहिले दोन थर वाळताना तडकले. लाल रंगाला गेरू, काळ्याला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडचा कोळसा. पांढऱ्यासाठी कुंभारवाड्यातून शाडू आणली, पण ती वाळल्यावर करडी दिसायला लागली, म्हणून शेवटी चुना घेतला. आणि निळ्याला किराणा दुकानातली कपड्यांची नीळ. मला वाटले ही पुण्यातली सोय असेल. तिने सांगितले, "नाही मॅडम, आमच्याकडेही नीळच. इंग्रजांच्या काळात बाजारात आली, बायकांना आवडली, त्यांनी भिंतीवर घेतली." परंपरा म्हणजे काय, हे मला सव्वीस वर्षांत इतक्या थोडक्यात कुणी सांगितले नव्हते.

पेन्सिल न लावता तिने सरळ रेघ ओढली. एक वेटोळे, सापाच्या वेटोळ्यासारखे. मग कोला फळाच्या पाकळ्या. मग एक लांब, कमानीसारखी वळत गेलेली रेघ, आणि तिच्या पलीकडे निम्मी भिंत तशीच मोकळी. उलीत ही मोकळी जागा रेघेइतकीच महत्त्वाची असते. रेघ कुठे थांबवायची हे ज्या बाईला कळते, तिला उली येते असे मानतात. ती मुलगी दीड तास त्या भिंतीपुढे हात न लावता बसली होती. मला वाटले अडली असेल. ती जागा मोजत होती.

ज्युरीच्या, म्हणजे काम मांडून तोंडी परीक्षा द्यायच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला : "अर्धीच भिंत रंगवली आहेस, बाकीच्याला वेळ मिळाला नाही का?" तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यावर उत्तर आले की रांगोळीचे मार्क इंटिरिअरला देता येत नाहीत. तिला काठावर पास केले. त्याच दिवशी, त्याच परीक्षकांपुढे 'आफ्रिकन थीम रेस्टॉरंट' मांडणाऱ्या मुलाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. खुर्च्यांना झेब्रा, गालिच्याला बिबट्या, भिंतीवर मुखवटे आणि प्रत्येक मुखवट्याखाली स्पॉटलाइट. त्याचा दोष नव्हता. आम्ही त्याला तेवढेच दाखवले होते. दोष आमचा होता, आणि त्यातला माझा वाटा हा की मी त्या टेबलापाशी बसून एक शब्द बोलले नाही. तुमचा लेख वाचताना ती ज्युरी डोळ्यांपुढे उभी राहिली, म्हणून इतका राग आला.

त्या परीक्षकांनी ज्याला रांगोळी म्हटले, ती एका विद्यापीठाच्या कला विभागात शिकवली गेली आहे. १९५८ साली उत्तर नायजेरियातल्या झारियाच्या महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी मिळून एक मंडळ काढले. वर्गात शिकवणारे बहुतेक युरोपीय, अभ्यासक्रमही तिकडचा. ही मुले वर्ग सुटल्यावर जमत आणि आपापल्या समाजातली कला, गोष्टी, चालीरीती गोळा करून एकमेकांपुढे मांडत. त्यांतल्या उचे ओकेके यांनी १९६० मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, 'नैसर्गिक संयोग' असा विचार मांडला : जुन्यातले सकस आणि बाहेरचे उपयोगी यांची सांगड आपण स्वतः घालायची, दुसऱ्याने घालून दिलेली घ्यायची नाही. ओकेके उली शिकले ते आपल्या आईकडून. यादवी युद्ध १९७० मध्ये संपल्यावर ते आग्नेय नायजेरियातल्या न्सुक्काच्या विद्यापीठात गेले आणि तिथल्या कला शिक्षणात उली आणली. त्यातून चित्रकारांची एक पिढी घडली. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई १९७५ पासून तिथेच शिकवत होते. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणात घानाच्या अदिंक्रा चिन्हांना, म्हणजे कापडावर छापतात त्या अर्थपूर्ण आकृत्यांना, जागा नव्हती; ती त्यांनी नंतर आपणहून शोधली आणि बाजारातल्या लाकडी ताटांवर डागून काढली.

याच झारियाच्या मंडळातले डेमास न्वोको. शिक्षण चित्रकलेचे, मग पॅरिसला रंगमंच सजावटीचे. वास्तुकलेची पदवी नाही. तरी नायजेरियातल्या इबादानला डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या मठाचे प्रार्थनागृह त्यांनी उभे केले, स्थानिक लाल माती आणि सिमेंट एकत्र करून, कारागीर स्वतः तयार करून. २०२३ च्या व्हेनिस वास्तुकला बिएनालेमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनात, त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला, वयाच्या ८७ व्या वर्षी. तुमच्या लेखात त्या बिएनालेबद्दल एक आख्खा परिच्छेद आहे आणि त्यात न्वोकोंचे नाव नाही.

आता त्या छायाचित्राबद्दल. ती शाळा बुर्किना फासोमधल्या गांदो गावची आहे, वास्तुकार फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली पुरी केलेली. फोटोतले उचललेले पत्र्याचे छप्पर कुणीही ओळखेल. लेखात म्हटले आहे की केरेंनी 'जर्मन तंत्रज्ञान आपल्या मागास गावात नेले'. हे वाक्य कृपा करून पुन्हा वाचा. केरे याच गावात जन्मले. गावात शाळा नव्हती म्हणून सातव्या वर्षी त्यांना घर सोडावे लागले. बर्लिनला शिकत असताना, पदवी हाती पडण्याआधी, त्यांनी पैसे जमवून गावाला शाळा बांधून दिली. मातीच्या विटांत थोडे सिमेंट आणि वर दुहेरी छत, म्हणजे गरम हवा मधल्या फटीतून निघून जाईल आणि पाऊस भिंतीला लागणार नाही. बर्लिनचे जे होते ते एवढेच. बाकी सगळे गावाच्या हातचे. मातीची जमीन बायकांनी ओळीने उभे राहून तालावर चोपली आणि मग दगडाने घासून घासून तुळतुळीत केली. ज्यांनी लहानपणी खळे चोपताना पाहिले आहे, त्यांना तो आवाजसुद्धा ऐकू येईल. पुढे शाळेच्या ग्रंथालयासाठी गावातल्या बायकांनी घरची मडकी आणून दिली. ती कापून छताच्या काँक्रीटमध्ये बसवली, आणि त्या भोकांतून आत उजेड येतो, वर गरम हवा जाते. २०२२ मध्ये वास्तुकलेतले सर्वांत मानाचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे केरे हे पहिले आफ्रिकी वास्तुकार. पण ती मडकी कुंभारणींची आहेत, हे केरे स्वतः सांगत आले आहेत. तुमच्या लेखात मडकी 'कल्पक सजावट' झाली.

इजिप्तचे वास्तुकार हसन फाथी यांची गोष्ट तर प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयात पहिल्याच दिवशी सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकूड आणि लोखंड मिळेना, तेव्हा त्यांनी मातीच्या विटांची घुमटी छते बांधून पाहिली. ती कोसळली. मग ते दक्षिण इजिप्तमधल्या आस्वानला, तिथल्या न्युबियन समाजाच्या गवंड्यांकडे गेले. तिथले गवंडी खाली लाकडाचा आधार न देता छत घालत होते. मागच्या भिंतीला पहिली कमान तिरकी टेकवायची, दुसरी तिच्यावर रेलून, तिसरी दुसरीवर. विटेला ओली असतानाच बोटाने दोन चर पाडलेले असतात, मातीचा गारा घट्ट धरावा म्हणून. लक्सरजवळ फॅरो रामसेसच्या मंदिरातली अशी धान्याची कोठारे तीन हजार वर्षांहून जुनी आहेत आणि अजून उभी आहेत. आज हीच रीत तमिळनाडूत ऑरोव्हिलला शिकवतात. निवृत्तीनंतर मी तिथे आठ दिवस गेले होते. पाचव्या विटेपाशी माझा हात थरथरला, तेव्हा शेजारच्या गवंड्याने तोंडाने काही न सांगता माझे मनगट धरून वीट टेकवली. आमच्या अभ्यासक्रमात अशा माणसाला उभे राहायला जागा नाही. मी शिकवत होते तेव्हा पदवी नाही म्हणून तो तासिका तत्त्वावरसुद्धा नेमता येत नव्हता.

आफ्रिकेकडून शिकायचे तर हे शिका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. ओकेकेंची आई, गांदोच्या कुंभारणी, आस्वानचे गवंडी यांना शिक्षकाचा मान मिळाला म्हणून ते काम झाले. आपल्याकडे वारलीचे काय झाले ते पाहा. लग्नाच्या चौकात सवाशिणी जे रेखत, ते आता सरकारी कार्यालयांच्या कंपाउंडवर ठेकेदार स्टेन्सिलने मारतो. उलीचेही तसेच करायचे असेल, तर ती अभ्यासक्रमात नाही आली तरी चालेल.

जाता जाता आणखी एक. गेल्या वर्षी याच विषयावर मी पाठवलेल्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण न विचारता कापला होता. नेमकी त्यातच ज्युरीची हकीगत होती. जागेची अडचण मी समजू शकते, पण त्याच पानावर गृहप्रकल्पाची पाव पानाची जाहिरात होती. या वेळी कापायचेच झाले तर माझा ऑरोव्हिलचा अनुभव कापा, त्या मुलीची भिंत कापू नका.

ती भिंत अजून माझ्याकडे आहे. महाविद्यालयाने भंगारात काढली तेव्हा मी रिक्षाने घरी आणली. एका कोपऱ्यातली माती सुटली आहे, आणि ती मी चिकटवलेली नाही, कारण पुन्हा लिंपायचे काम त्या मुलीचे आहे. ती आता लागोसला असते आणि पुण्याला येईन म्हणते.

येत्या रविवारी पुरवणीत दुरुस्तीची चौकट छापावी. त्यात देशाचे नाव लिहावे, बुर्किना फासो. गावाचे लिहावे, गांदो. आणि मडकी त्या गावच्या बायकांनी दिली, हेही लिहावे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे