लग्नाच्या केकचा हिशोब उघडा करून दाखवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पार पडलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, मांडववाल्याचा आणि बँडवाल्याचा हिशोब मिटला. राहिलंय ते तुमचं देणं. पैसे तुम्ही घेतलेत ते एका थराचे आणि आयसिंगचे. बाकी जे दिलंत त्याचं बिल तुम्ही केलंच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. उपवासकाळ संपून ईस्टर झाला की आपल्या वसईत दर शनिवार-रविवारी लग्नं लागतात. केकचा आकडा ऐकून पोटात गोळा आलेली घरं आमच्यासारखी अजून कितीतरी असतील. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते मी पाळते आहे.

बाबा निवृत्त झाल्यानंतरचं आमच्या घरातलं हे पहिलं कार्य. चारशे पाहुणे ठरले होते आणि केकसाठी १२ हजार रुपये बाजूला काढले होते. धाकटीच्या मोबाइलमध्ये पाच थरांच्या पांढऱ्याशुभ्र केकचा फोटो होता. तो दाखवल्यावर एका दुकानात ४५ हजारांचा आकडा ऐकला आणि आई म्हणाली, "मग केक राहू दे, जेवण चांगलं करू." धाकटी काही बोलली नाही, पण तिचं तोंड एवढंसं झालं. आपल्याकडे केक कापून टोस्ट, म्हणजे पेले उंचावून नवरा-नवरीला शुभेच्छा देणं, झाल्याशिवाय रिसेप्शन सुरू झाल्यासारखंच वाटत नाही, हे आईलाही ठाऊक होतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही ना कॅटलॉग काढलात ना भाव सांगितलात. वही पुढ्यात ओढून एवढंच विचारलंत, "केक बघायचाय किती जणांनी, आणि खायचाय किती जणांनी?" आमच्या सगळ्या अडचणीची गाठ त्या प्रश्नाने सुटली, मावशी. बघायचा केक आणि खायचा केक एकच असायला हवा, असं आम्ही धरूनच चाललो होतो. तुम्ही ते दोन वेगळे केलेत आणि वहीत मधोमध रेघ मारलीत.

खाण्याच्या बाजूचं गणित तुम्ही आमच्यासमोर मांडलंत. भरपेट जेवणाआधी पाहुण्याच्या हातात केकचा जो तुकडा येतो तो २५ ग्रॅमचा पुरतो. चारशे तुकडे म्हणजे १० किलो. तो केक दिसायला कसाही चालतो, कारण तो स्टेजवर येतच नाही. चौकोनी ट्रेमध्ये भाजायचा, सारखे तुकडे पाडायचे, बटर पेपरात आणि वर सोनेरी कागदात गुंडाळायचे. दहातले २ किलो बिनअंड्याचे, मिल्कमेड घालून केलेले आणि बिनरमचे असू द्या, हेही तुम्हीच सुचवलंत. जावयांच्या ऑफिसातली शाकाहारी मंडळी आमच्या डोक्यात तोवर आलीच नव्हती. त्या तुकड्यांना हिरवी रिबीन, बाकीच्यांना लाल. रिसेप्शनला कोणालाही "यात अंडं आहे का" असं विचारावं लागलं नाही. लहान मुलांच्या हातातही हिरव्या रिबिनीचेच तुकडे दिले.

उरलेल्या ८ किलोंसाठी तुम्ही प्रमाण लिहून दिलंत: मैदा, लोणी, साखर आणि अंडी, चारही १,४०० ग्रॅम, म्हणजे अंडी २८. सुकामेवा ३,२०० ग्रॅम. तो कागद आता आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवलेला आहे. बेदाणे दुकानातून पुड्यांनी घेण्याऐवजी बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून थेट तासगावहून मागवले. परदेशी अंजिरं आणि प्रून महाग पडत होती, तर तुम्ही आत्याच्या वाडीची चौकशी केलीत. राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, बारीक चिरून घाला म्हणालात. मला शंका होती. पण भट्टीतून निघालेल्या केकमध्ये ती सुकेळी मधासारखी चिकट आणि गडद झाली होती, आणि आमच्या घराण्याच्या केकला आमच्याच वाडीची चव आली. त्याबद्दल आत्या तुमचे वेगळे आभार मानते आहे. सुकेळी उन्हात घालून, रोज उलटून वाळवायचा खटाटोप करणारी माणसं आता आपल्याकडे थोडीच उरली आहेत. त्यांच्या मेहनतीला लग्नात मान मिळाला याचं तिला फार अप्रूप वाटलं.

सुकामेवा उपवासकाळ लागायच्या आधीच रममध्ये भिजत घालायला लावलात. तेव्हा मला ती घाई वाटली होती, पुढे कारण कळलं. साखर आणि मद्य मुरलेला फ्रूट केक लग्नाच्या तीन आठवडे आधी भाजून ठेवता येतो, उलट मुरतो तसा चांगला लागतो. स्पंजचं तसं नाही. तो आदल्या दिवशीच करावा लागतो, आणि भर हंगामात आदल्या दिवशीची ऑर्डर म्हणजे भाव वाढलाच. ओव्हनचा प्रश्नही तुम्ही सोडवलात. घरच्या ओव्हनमध्ये एवढा केक भाजायला आम्हाला किती दिवस लागले असते कोण जाणे. तुम्ही ओळखीच्या पाववाल्याशी बोललात. पहाटेचे पाव निघाल्यावर भट्टी उतरत्या आचेवर येते आणि फ्रूट केकला हवी असते ती तीच, मंद आणि लांबलेली. ट्रे आत सरकवताना तुम्ही स्वतः भट्टीच्या तोंडाशी उभ्या होतात. वरच्या बाजूला दुहेरी कागद घातलात, मधला ट्रे बाहेर आणि बाहेरचा आत केलात. सुरी खुपसून बघताना तुमच्या कपाळावर जी आठी होती ती सुरी कोरडी निघाल्यावरच गेली.

आता बघायचा केक. डमी थर, म्हणजे आत केक नसलेले, वरून नुसते सजवलेले थर, ही गोष्ट बाबांना पटत नव्हती. खोटा केक ठेवून लोकांना फसवायचं का, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही त्यांचं बोलणं उडवून लावलं नाहीत. चहा दिलात आणि राणी व्हिक्टोरियाच्या घरची गोष्ट सांगितलीत. १८४० साली तिच्या लग्नात तीनशे पौंड वजनाचा केक होता, त्याचे तुकडे आजही लोकांनी जपून ठेवले आहेत. पण १८५८ साली तिच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं तेव्हा उंच केकचा फक्त खालचा थर खरा होता, वरचं सगळं साखरेचं काम. सगळे थर खरे असलेला केक त्या घराण्यात १८८२ साली, धाकट्या राजपुत्राच्या लग्नात आला. "राजवाड्यात चाललं ते आपल्या वसईतल्या पापडीत का चालू नये?" असं तुम्ही म्हणालात आणि बाबा मोकळेपणाने हसले. त्या दिवसापासून डमीचा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

डमीसाठी तुम्ही थर्माकोल वापरत नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा सुताराकडून प्लायचे गोल करून घेतलेत आणि तेच लग्नालग्नाला नव्या आयसिंगने सजवता. खालच्या गोलात एक खाच आहे. तिच्यात खऱ्या केकची फोड बसवायची, वरून आयसिंग करायचं आणि खूण म्हणून रिबिनीचं फूल लावायचं. नवरा-नवरीने सुरी तिथेच घालायची. धाकटीला तुम्ही ते दोनदा करून दाखवलंत. सुरी अशी अलगद आत गेली की फोटोग्राफरलाही काही कळलं नाही. वरचा थर तेवढा खरा, दीड किलोचा. पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत वरचा थर जपायची जुनी इंग्रजी रीत आहे, तशी आईने त्यातली एक फोड घट्ट बांधून ठेवली आहे.

फॉन्डंट, म्हणजे केकवर पसरायची साखरेची पोळी, नको, हे तुम्ही सांगितलंत त्यामागचं कारण प्रत्येक लग्नघराने ऐकावं. केक किलोवर विकला जातो आणि पुष्कळदा त्या किलोत फॉन्डंटचं वजनही असतं. दहा इंची थर झाकायला किलोभर साखरेची पोळी लागते. पाहुणे ती सोलून बशीत ठेवतात. म्हणजे केकच्या भावाने आपण साखर विकत घेतो आणि ती टाकून देतो. "किलो म्हणजे आतला केक की साखरेसकट, हा प्रश्न कुठेही गेलात तरी आधी विचारा," हे तुमचं वाक्य मी पुढच्या दोन नवऱ्यामुलींना सांगितलंसुद्धा. बटरक्रीम स्वस्त पडलं असतं, पण एप्रिलच्या शेवटी उघड्या मैदानावरचं रिसेप्शन, समुद्राची दमट हवा. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, टोस्ट होईपर्यंत ते टिकलं नसतं. म्हणून रॉयल आयसिंग, अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगरचं. वरच्या खऱ्या थरावर आधी मार्झिपान, म्हणजे वाटलेल्या मेव्याचं आणि साखरेचं आवरण, तेही बदामाचं नाही, काजूचं. मार्झिपान नसेल तर फ्रूट केकचा तपकिरी डाग पांढऱ्या आयसिंगवर उमटतो, हे मला माहीतच नव्हतं. आयसिंगमध्ये थेंबभर ग्लिसरीन, नाहीतर ते दगडासारखं वाळतं आणि सुरी घातली की फुटतं. प्लायच्या गोलांवर तुम्ही आयसिंगच्या कोनाने जी जाळी काढलीत ती आईच्या लग्नातल्या वेलाच्या, म्हणजे डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीच्या, लेससारखी होती. आईने तुम्हाला तो वेल दाखवला होता, हे मला नंतर कळलं.

फुलांच्या बाबतीत तुम्ही धाकटीला नाही म्हणालात, त्याचेही आभार. तिला पांढरा चाफा हवा होता. चाफ्याच्या देठाला चीक येतो, तो अंगाला खाजतो, पोटात तर जायलाच नको, म्हणून तुम्ही तो केकच्या जवळपासही येऊ दिला नाहीत. कारण सांगितलंत म्हणून ती रुसलीही नाही. साखरेच्या फुलांची एकेक पाकळी हाताने करावी लागते, त्याचे पैसे परवडले नसते. शेवटी आपल्या गावचा मोगरा, औषध न मारलेल्या वाडीतला, संध्याकाळी खुडलेला, देठांना कागद गुंडाळून फक्त डमीच्या थरांवर. दादरला रोज जाणारी आपली फुलं त्या दिवशी आपल्याच केकवर बसली.

सामानाचे ४,६००, भट्टीचे ८००, कागद आणि रिबिनींचे ९००, तुमचे ४,५००. एकूण १०,८००. राहिलेले १,२०० बाबांनी तुकडे गुंडाळायला बसलेल्या मुलींच्या आइस्क्रीमला दिले.

मावशी, तुम्ही पाच थरांची ऑर्डर घेतली असतीत तर तुमचाच फायदा होता. आम्ही कर्ज काढून का होईना, दिले असते पैसे. मुलीच्या लग्नात आईबाप मागेपुढे बघत नाहीत, हे तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही तुम्ही आम्हाला कमी खर्चाची वाट दाखवलीत, तीही आम्हाला कुठे कमीपणा वाटू न देता. आपल्या धंद्यातली खाचाखोच गिऱ्हाइकासमोर अशी उघडी करायला फार मोठं मन लागतं. माझी बहीण त्या संध्याकाळी चारशे माणसांसमोर ताठ मानेने केक कापायला उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा कोणाचंही देणं डोक्यावर न ठेवता चर्चमध्ये मिस्साला गेले. या दोन्हींत तुमचा वाटा आहे. आम्ही तो विसरणार नाही.

प्लायचे गोल धुऊन, वाळवून ठेवले आहेत, रविवारी घेऊन येते. तासगावचे अर्धा किलो बेदाणे उरलेत, तेही आणते. नाताळच्या केकसाठी ते तुमच्याच बरणीत भिजत घालायचे, असं आईने सांगितलंय. यावेळी पैशांचं बोलू नका.

तुमची,
नवरीची थोरली बहीण
वसई