चष्म्याने न सुधारणारी नजर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दारूच्या दुष्परिणामांची चर्चा निघाली की यकृताचे नाव प्रथम येते. डोळ्याने टिपलेले दृश्य मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या मार्गावर तिचा जो आघात होतो, त्याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते.

डोळ्यामागच्या नसेत, म्हणजे ऑप्टिक नर्व्हमध्ये, सुमारे 10 लाख तंतू असतात. त्यांतील मधल्या, बारकाव्याच्या नजरेचे तंतू अतिशय बारीक असून त्यांना ऊर्जा सतत लागते आणि ती तयार होण्यासाठी ब-गटातील जीवनसत्त्वे आवश्यक असतात. वर्षानुवर्षे बेसुमार पिणाऱ्याचे जेवण तुटते, जे खाल्ले जाते त्यातील ब-1 आतड्यात नीट शोषले जात नाही, आणि शरीरातील त्याचा साठा तर जेमतेम काही आठवड्यांचा असतो. मग दोन्ही डोळ्यांची मधली नजर न दुखता मंदावत जाते. कडेचे दिसते, पण समोरच्या माणसाचा चेहरा धूसर होतो आणि लाल रंग फिका वाटू लागतो. जोडीला तंबाखू असेल, तर धोका अधिक.

माझ्या नात्यातील एका गृहस्थांची नजर अशीच मंदावत असताना त्यांचा चष्मा तीनदा बदलला गेला. त्यांच्या पिण्याविषयी कोणी विचारले नाही आणि आम्हीही संकोचापोटी सांगितले नाही, याची खंत मला आजही आहे. कारण वेळीच दारू थांबवून जीवनसत्त्वे दिल्यास नजर बऱ्याच अंशी सुधारू शकते, परंतु तंतू सुकल्यानंतर ती परत येत नाही.

ब-1 ची कमतरता याहून तीव्र झाली, की मेंदूतील डोळ्यांच्या हालचालींची केंद्रेच बिघडतात. जर्मन डॉक्टर कार्ल वर्निके यांनी 1881 मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. त्यांपैकी दोघे अट्टल मद्यपी होते. एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, बुबुळे थरथरणे, तोल जाणे, भ्रमिष्टासारखे वागणे ही लक्षणे ‘अजून उतरली नाही’ असे समजून घरी झोपवून ठेवण्याची नाहीत. शिरेतून ब-1 तातडीने द्यावे लागते.

मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने एक-दोन दिवसांत येणाऱ्या अंधत्वाच्या बातम्या होतात. हे संथपणे येणारे अंधत्व मात्र नंबर वाढल्याच्या समजुतीत दडून राहते. आपल्या आरोग्यविषयक पानावर या लक्षणांची माहिती ठळकपणे द्यावी आणि नेत्रतपासणीच्या वेळी मद्यपानाची विचारपूस नेमाने व्हावी, यासाठी आपण लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक