सुट्टी बिनपगारी, मग साडीची सक्ती का?

मा. संपादक,
स. न.

सराफी आणि साड्यांच्या मोठ्या शोरूममध्ये काम करणाऱ्या मुलींच्या जेवणाच्या सुट्टीबद्दल हे पत्र आहे. माझी सून अशाच एका शोरूममध्ये आहे. कागदावर ड्युटी नऊ तासांची, पण दुकानात साडेनऊ तास जातात, कारण जेवणाचा अर्धा तास कामात धरत नाहीत. किमान अर्धा तास विश्रांती द्यायलाच हवी, असे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. ती मिळते, ती बिनपगारी आहे, इथवर माझे काही म्हणणे नाही.

तक्रार आहे ती त्या अर्ध्या तासातल्या नियमांची. युनिफॉर्मची साडी खांद्यावर पिनअप केलेली, निऱ्यांनाही पिना, अंबाड्यावर जाळी, छातीवर नावाचा बिल्ला. सुट्टीत यातले काही काढायचे नाही आणि वरून जॅकेट किंवा ओढणीही घ्यायची नाही. बरे, याच वेषात कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला उभे राहिलेलेही चालत नाही. 'ब्रँड'ची शोभा जाते म्हणे! साडी बदलून जावे, तर सोडण्या-नेसण्यातच सुट्टी संपते. त्यामुळे या मुली खोक्यांनी भरलेल्या स्टोअररूममध्ये पदर सांभाळत डबा खातात. डाग पडला तर धुलाईचा खर्च त्यांचाच.

बिल्ल्याचा त्रास पुरुषांच्या चटकन लक्षात येणार नाही. औषधाच्या दुकानापर्यंत जरी गेले, तरी कोणीही अनोळखी माणूस थेट नावाने हाक मारू शकतो. काउंटरवर त्या नावाचा उपयोग आहे, रस्त्यावर काय?

युनिफॉर्मचे सगळेच नियम जाचक असतात असे नाही. हॉटेलच्या भटारखान्यातल्या माणसाने ॲप्रन उतरवूनच बाहेर जावे, कारण त्याच ॲप्रनने तो परत आपल्या पानातले रांधणार असतो. (नेमका हाच नियम पाळताना फारसे कोणी दिसत नाही, ते असो.) कारखान्यात यंत्रांजवळून जाताना सेफ्टी शूज हवेतच. पण अंबाड्यावरची जाळी डबा खाताना काढली, तर बिघडते कोणाचे?

मालक म्हणतात, आमच्या नावाचा युनिफॉर्म घालून बाहेर वावरता, तेव्हा लोक आम्हालाच नावे ठेवतात. मान्य. पण मग तो वेळही तुमच्याच हिशोबात घ्या. कामगाराने काय घालायचे आणि कुठे बसायचे हे तुम्ही ठरवणार असाल, तर अर्धा तास ड्युटीत धरा. नाहीतर बिल्ला काढू द्या, साडीवर साधे जॅकेट घालू द्या आणि सुखाने चहा पिऊ द्या.

केरळात २०१८ साली दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक झाले. त्यामागे कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांचा लढा होता. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकानांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून दहावर नेण्यास मान्यता दिली. दिवस लांबवलाच आहे, तर सुट्टीत मालकाचा ड्रेसकोड चालतो की नाही, हे कामगार विभागाने परिपत्रक काढून स्पष्ट करावे. व्यापारी संघटनांनी तोवर थांबायची गरज नाही. बिल्ल्याची सवलत त्या उद्यापासून देऊ शकतात, तिला पैसाही लागत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)