ती. आई-बाबांना, जर्मनीहून

साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. शेंगा चटणीचा अर्धा डबा अजून शिल्लक आहे, त्यामुळे पार्सलची घाई नको.

इथली एक गोष्ट मात्र अजून पचनी पडत नाही. बाहेर उणे पाच असलं तरी माणसं दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडतात. पाच-दहा मिनिटं वारा आरपार जाऊ देतात, मग घट्ट बंद. किलकिली ठेवलेली चालत नाही. बंद घरात श्वासाची नि स्वयंपाकाची वाफ भिंतीवर बसते आणि बुरशी धरते म्हणून. तेव्हा आई, मी गारठत नाही, दहाच मिनिटांचा प्रश्न असतो.

आणि प्रयोगशाळेत पेशंटची त्वचा हाताळून मला बाबांसारखा सोरायसिस, म्हणजे खवल्यांच्या चट्ट्यांचा आजार, लागणार नाही. तो एकाचा दुसऱ्याला होतच नाही. त्वचेचा चार मिलिमीटरचा, मसुराएवढा तुकडा असतो. डिस्पेज नावाच्या, त्वचेचे थर सुटे करणाऱ्या एन्झाइममध्ये चार अंशांवर रात्रभर ठेवला की सकाळी वरचा थर चिमट्यानं कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. उबेत जास्त राहिला तर पेशींवरच्या ओळखीच्या खुणाच खाल्ल्या जातात, मोजणी फसते. आम्ही शोधतो आयएल-१७ हा दाह वाढवणारा रासायनिक निरोप सोडणाऱ्या टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांच्या इशाऱ्यानं महिन्याभरात वर यायची त्वचा चार-पाच दिवसांत, कच्चीच वर येते. तेच खवले.

बाबा, चट्टा गेला तरी यातल्या काही पेशी तिथेच दबा धरून राहतात, म्हणून तो पुन्हा त्याच कोपरावर उठतो. विणताना मागाच्या कडेला घासतं तिथे नवाही येतो. खवले खरवडू नका, अंघोळीनंतर ओलसर अंगावरच व्हॅसलीन लावा. आठ दिवसांत चट्टे साफ करते म्हणून तुम्ही घेता त्या पुडीत स्टेरॉइड असेल, तर ती एकदम सोडल्यावर अंगभर पुवाच्या फोडांनी उलटू शकतं. मनानं बंदही करू नका, पुडी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसचं औषध दिलं तर आठवड्यातून एकदाच, रोज नाही.

१५ हजार पाठवलेत. रक्त, लिव्हर, टीबीची तपासणी त्यातूनच करा, ताईच्या लग्नाच्या पैशांना हात लावू नका. मुलाकडच्यांपासून हे लपवूही नका. घराण्यात कल असतो हे खरं, पण तसं जनुक असलेल्या बहुतेकांना सोरायसिस होत नाही. विचारलं तर मला फोन जोडून द्या, मी समजावते.

यंदाही सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला येणं जमत नाही. नंदीध्वज निघाले की व्हिडिओ कॉल लावा. लग्नाला नक्की येते, रजा टाकली आहे. बाबा, तेव्हा उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा नको.

तुमची धाकटी