पावसाळ्यात तुम्ही दोघं ठाण्याला येताय

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरा बरा, मगे बघूया" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आणि आई जेवलंस काय विचारते, म्हणून लिहायलाच बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा. आईच्या ऑपरेशनच्या डोळ्याला अजून पाणी येत असेल तर तिने वाचायचं नाही, बाबांनी मोठ्याने वाचून दाखवायचं.

दादाचं आणि माझं ठरलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघं माझ्याकडे येताय आणि दिवाळीच्या आधी परत जाताय. कोकणकन्येची तिकिटं काढलीयत, कुडाळहून, दोन्ही लोअर बर्थ, पावसाळी टाइमटेबल लागायच्या आधीची. दादा न्यायला येईल, सामान तोच उचलेल.

कायमचं नाही हो बाबा. घर तसंच राहणार, दुकान तसंच राहणार, गाळा कोणाला भाड्याने द्यायचा विषयसुद्धा आमच्या डोक्यात नाही, बोर्डही तोच राहील. फक्त पावसाचे महिने. त्या महिन्यांत तुम्हीच म्हणता की दुपारनंतर बाजारात कुत्रं फिरत नाही, मग एवढ्यासाठी दिवसातनं दहा वेळा तो माडीचा जिना चढायचा-उतरायचा? मार्चमध्ये तुम्ही घसरलात ते मला शेजारच्या वहिनींकडनं कळलं. "माका काय होवचा नाय" हे मला माहीत आहे, तुमची ताकद मी लहानपणापासून बघितलीय, पण पायऱ्या जुन्या झाल्यात, पावसात लाकूड फुगतं, बुळबुळीत होतं, आणि खाली झोपा म्हणावं तर भिंतीला ओल. तौक्ते वादळाच्या वेळी, मे २०२१ ला, कौलं उडाली, वीज नाही, फोन नाही, आम्ही दोघं भावंडं इथे नुसती टीव्हीसमोर बसून मालवण मालवण करत होतो. ते पुन्हा नको. तुम्ही आमच्यावर ओझं होताय म्हणून नाही, उलट तुम्ही इथे असलात तर मला रात्री झोप लागेल, एवढाच माझा स्वार्थ आहे.

आता फोटोंचं सांगते, त्याची आईला जास्त काळजी आहे. शिमग्याला नेलेली ट्रंक माझ्याकडे सुखरूप आहे. काळ्या पानांचे दोन्ही अल्बम उघडले तर बटरपेपर बऱ्याच फोटोंना चिकटलाय आणि कडेने बुरशी धरलीय. मी एकही फोटो ओढून काढला नाही. जे सुटे होते ते घरीच स्कॅनरवर घेतले, चिकटलेले पानासकट घेतले, आणि निगेटिव्ह इथल्या एका माणसाकडे दिल्यात. बाबा, तुमच्या त्या आग्फा क्लिक थ्रीचे चौकोनी फोटो मोठे केल्यावर एवढे साफ दिसतात की मी रात्रीची जेवायची विसरले. एका रोलमध्ये बाराच फोटो यायचे म्हणून तुम्ही एकेक किती विचार करून काढलाय ते आता कळतं. आमचे वाढदिवस एखाद-दुसऱ्या फोटोत आटोपलेत आणि बाजारपेठ मात्र रोलच्या रोल!

भरडावरून बंदराकडे येणारा सगळा रस्ता आहे त्यात. एकही चारचाकी नाही. सकाळचं ऊन दुकानांच्या फळ्यांवर आलंय, कोणीतरी अर्ध्या फळ्या काढून ठेवल्यात, समोरनं डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी येतायत, आणि आपल्या पायरीवर आजी बसलीय, पदर डोक्यावर, हातात सुपारी. आजीच्या मागे एका छोट्या बोर्डावर "मालवण, जि. रत्नागिरी" एवढं वाचता येतं. म्हणजे तो फोटो बहुतेक १ मे १९८१ च्या आधीचा, सिंधुदुर्ग जिल्हा व्हायच्या आधीचा, मी अशा खुणा बघून बघून तारखा लावतेय. झापं बांधलेल्या पडव्या दिसल्या की पावसाळा. ट्रंका, वळकट्या आणि फणस घेऊन बाजारातनं बंदराकडे माणसं चाललेली दिसली की बोटीचा दिवस. पडावातनं बोटीकडे जाणाऱ्या माणसांचा पण एक आहे, बोट लांब उभी आहे, नाव वाचता येत नाही, ती रोहिणी की कोकणसेवक ते तुम्हीच सांगायचं. आमच्या छोटीला मी सांगितलं की आता आपण कोकणकन्येने जातो, तिचे पणजोबा बोटीने मुंबईला जायचे आणि पावसाळ्यात ती बोटही बंद असायची, तर ती म्हणाली मग पावसात पणजोबा आजारी पडले तर काय करायचे? मला उत्तर देता आलं नाही.

नारळी पौर्णिमेचे तर इतके आहेत की वेगळा अल्बम होईल. बाजारातनं निघालेली व्यापाऱ्यांची मिरवणूक, बंदरावर नारळ लढवणारी पोरं, मागे किल्ला. एकात तुम्ही स्वतः आहात बाबा, फेटा बांधलेला, बहुतेक काकाने काढलाय, आई मागच्या बायकांत उभी राहून तुमच्याकडे बघतेय. आई, तू काय दिसायचीस गो! तो मी मोठा करून आणलाय.

आणि मला कळतंय की यंदा नारळी पौर्णिमेला तुम्ही बंदरावर नसणार, हेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागणार आहे. ते मी हलकं घेत नाहीये. दादा त्या दिवशी मालवणात असेल, दुकानाचा नारळ तो घालील, तुम्ही फोनवर बघाल. आणि पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी बाजारात मांडावर येईल तेव्हा तुम्ही दोघं दुकानासमोर रांगोळी घालून उभी असणार, हा माझा शब्द आहे. दिवाळीआधीची परतीची तिकिटं बुकिंग उघडल्या उघडल्या काढते.

इथे तुम्हाला काही कमी पडणार नाही. लिफ्ट आहे. तुमची खोली बाल्कनीकडची, वारा येतो, बाथरूमला दोन्ही बाजूंनी हँडल बसवून घेतलेत, लादी पण खरखरीत घातली. उकडा तांदूळ आणून ठेवलाय, सकाळची पेज चुकणार नाही. तिरफळं, सोडे, आगळ सगळं आहे, मासे मार्केटात ताजे मिळतात. आई म्हणेल ते बर्फातले, पण जून-जुलैत आपल्याकडेही मासेमारी बंदच असते ना, मग तिथे तरी ताजं कुठे मिळणार तुला? हे स्वतः बाबांना पहिल्या रविवारी घेऊन जातो म्हणालेत. खाली बागेत कुडाळ-सावंतवाडीकडची माणसं संध्याकाळी बसतात, त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

आणि बाबा, तुमच्यासाठी खरंच काम आहे. फोटोतली निम्मी माणसं मला ओळखता येत नाहीत. रोज संध्याकाळी चहा झाला की आपण बसायचं, तुम्ही सांगायचं, मी रेकॉर्ड करणार. कुठलं दुकान कोणाचं, कोण कोणाचा कोण, कुठली पायरी कधी रस्त्यात गेली. छोटीला शाळेत आपला सिंधुदुर्ग किल्ला आहे, २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं एवढं तिच्या वहीत लिहिलंय, मोरयाच्या धोंड्याची गोष्ट तिला तुमच्याकडनंच ऐकायचीय. पालखीच्या रात्री मला खांद्यावर घेऊन तुम्ही सांगितली होतीत ना, मी तुमचा कान धरून बसले होते आणि घरी येईपर्यंत सोडला नव्हता. मला अजून तुमच्या शर्टाला येणारा कापूर आणि तंबाखूचा वास आठवतो. तसं कोणाच्या खांद्यावर मी नंतर कधी निर्धास्त बसले नाही.

आता नीट ऐका. कपाटातल्या उरलेल्या फोटोंच्या मागे पेनाने काही लिहू नका, शाई पुढे उतरते, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. लॅमिनेट करून आणू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. उन्हात वाळत घालायचे नाहीत आई, पापड नाहीत ते, कोरड्या डब्यात ठेव आणि तो डबा येताना हातातल्या पिशवीत घे, मोठ्या बॅगेत नाही.

बाबा, जिन्यावर दिवा लागलाच पाहिजे, रात्री अंधारात उतरायचं नाही. बीपीची गोळी सकाळची ती सकाळीच. डॉक्टरांकडून दोघांच्या फायली आणि चार महिन्यांच्या चिठ्ठ्या लिहून घ्या. आईने साखर तपासून रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा, "नॉर्मल आसा" असं नुसतं सांगितलेलं चालणार नाही. मांजराला शेजारच्या वहिनी बघणार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. गॅस बंद, मेन स्विच बंद, चावी त्यांच्याकडे. लोणच्याच्या बरण्या आणायच्या नाहीत, एकच आणा, ती पण नीट बांधून.

पत्र मिळालं की फोन करा, आणि बाबांनी करा.

तुमची,
बाय