पर्वरीच्या सड्यावर अबोली

फोंडा,
१२ मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पर्वरीच्या नव्या घरी काकूंना देवासाठी अंगणातलीच अबोली हवी आहे, हे वाचून आनंद झाला. ती मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंका या भागांतली, त्यामुळे गोव्याच्या हवेत तिचे काही अडत नाही. अडेल ते तुझ्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, जमिनीत. आमच्या कुळागराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, माती खोल आणि भुसभुशीत आहे. तुझ्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागत असेल, तर तेथे खड्डा खणू नकोस. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा वेळी दगडातला खड्डा पाणी धरून ठेवतो आणि अबोलीची मुळे कुजतात. त्यापेक्षा चार बाजूंना चिरे मांडून जमिनीच्या वर हातभर उंच वाफा कर, आणि त्यात माती, थोडी रेती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भर.

माती कोठून आणतोस हेही पाहा. भेंडी, वांगी किंवा टोमॅटो घेतलेल्या वाफ्यातली माती अबोलीला नको, कारण त्या पिकांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, अबोलीलाही तितक्याच आवडीने धरतात. झाड खुजे राहते, पाने पिवळी पडतात, आणि आपण खत कमी पडले असे समजून आणखी खत घालत बसतो. उपटून पाहिल्यावरच मुळांवरच्या गाठी दिसतात. असे झाड मातीसकट काढून टाकावे. सुरुवातीलाच मातीत निंबोळी पेंड मिसळलीस आणि कडेने झेंडू लावलास तर या किड्यांना बराच आळा बसतो. झेंडू दसऱ्याच्या तोरणालाही होईल.

रोपवाटिकेत तुला ‘दिल्ली’ अबोली दाखवतील. तिची फुले मोठी आणि रंग गडद असतो, पण ती त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, असल्यामुळे तिला बी धरत नाही. फांदीच लावावी लागते. मला स्वतःला आपली बियांची गावठी अबोलीच बरी वाटते, फुले थोडी लहान असली तरी. तिची एक गंमत आहे: वाळलेल्या बोंडाला पाणी लागले की ते फट्‌कन फुटून बिया दूर उडवते. त्यामुळे पहिल्या पावसानंतर जुन्या झाडाभोवती आपोआप रोपे उगवतात, पण बी हाती हवे असेल तर तपकिरी झालेली फुलांची कणसे पावसाच्या आधीच खुडून कागदाच्या पिशवीत ठेवावी लागतात. मी या आठवड्यात तेच करीत आहे.

वाफा पूर्वेकडे धर. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर माडाची विरळ सावली तिला मानवते. दिवसभराच्या कडक उन्हात पाने करपतात आणि गर्द सावलीत नुसता पाला वाढतो. दोन रोपांत हातभर अंतर ठेव, म्हणजे पावसाळ्यात वारा खेळता राहील. पावसाळा संपल्यावर वरची माती सुकली की पाणी दे. बुंध्याशी नारळाची सोडणे, म्हणजे वरची सालपटे, पसरलीस तर ओल टिकेल. कणसातली फुले खालून वर उमलत जातात, म्हणून काकूंना एक दिवसाआड खुडायला सांग, आणि फुले संपलेले कणीस देठापासून कापायला सांग, म्हणजे नवे फुटवे येतात. बियांसाठी मात्र दोन-चार कणसे राहू द्या. खुडलेले फूल लवकर कोमेजत नाही, म्हणून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेली फाती, म्हणजे फुलांची माळ, दुसऱ्या दिवशीही देवाला शोभते. वास नसला तरी काकूंची तक्रार नसावी; त्यासाठी कडेला एक मोगरा लाव.

माझ्याकडची रोपे जुलैत सहा पानांची होतील. पाऊस थोडा उघडला की एखाद्या संध्याकाळी ये आणि डझनभर घेऊन जा. फुले धरायला दिवाळी उजाडेल, तेव्हा यंदाच्या चतुर्थीची अबोली मात्र म्हापशाच्या बाजारातूनच आणावी लागेल, हे काकूंना आधीच सांगून ठेव.

काकूंना व वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत